मदत हवी आहे : कीबोर्डवर चालणारा मेनू कसा करू?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत, विश्रामबागला राहतो. आमच्या भागातल्या एका वाचनालयाची वेबसाइट मी बनवतोय. परवा तिथले एक वाचक मुद्दाम घरी आले. त्यांना अजिबात दिसत नाही. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) लावून ते संगणक वापरतात. मी शेजारी बसून बघत होतो. पुस्तक शोधायच्या चौकटीपर्यंत पोचायला त्यांना 31 वेळा टॅब दाबावा लागला, आणि पान बदललं की पुन्हा पहिल्यापासून. 'पुस्तके' या मेनूतले विभाग तर त्यांना सापडलेच नाहीत, कारण ते फक्त माउस वर नेल्यावर उघडतात. ते काही बोलले नाहीत, पण मला फार वाईट वाटलं.

'थेट मजकुराकडे जा' ही लिंक त्याच रात्री सगळ्यात वर घातली. कोडमध्ये पानाची भाषा चुकून इंग्रजी लिहिली होती, ती मराठी केली.

अडलंय ते उपमेनूपाशी. एका तयार कोडमध्ये मेनूला रोल-मेनू (हा मेनू आहे असं स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) दिलाय; मग बाणाच्या कळाही आपणच चालवून द्याव्या लागतात. त्यापेक्षा साधं बटण, त्यावर एरिया-एक्सपांडेड (उपमेनू उघडा आहे की बंद हे स्क्रीन रीडरला सांगणारी खूण), आणि एस्केप दाबलं की बंद, हे मला बरं वाटतं. कुणी असं केलंय का? मोबाइलवर टॉकबॅकमध्ये (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) नीट चालतं का?

मिरज-सांगलीकडचं कुणी स्क्रीन रीडर रोज वापरत असेल आणि तासभर तपासून देणार असेल तर मी घरी येईन.