लयकारिकेच्या संदर्भात ‘वाहक’, ‘वाहकता’ आणि ‘अंतर्गामी प्रवाह’

शंका : लयकारिकांच्या (लायसोसोम, म्हणजे पेशीतील टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या पिशव्या) पटलावरील प्रथिनांचा अभ्यास कसा करतात, यावर लेख लिहीत आहे. ‘आयन चॅनल’साठी ‘वाहिनी’ आणि ‘ट्रान्सपोर्टर’साठी ‘वाहक’ हे शब्द घेतले आहेत. परंतु ‘वाहकता’ (कंडक्टन्स) वाहिनीची मोजली जाते, वाहकाची नव्हे, आणि वाचकाचा तिथेच गोंधळ होईल असे वाटते. जाणकारांनी कृपया सुचवावे.

उत्तर : ‘वाहिनी’ निःशंकपणे ठेवावी. अडचण ‘वाहक’ची आहे, कारण भौतिकशास्त्रात तो तांब्याच्या तारेला आधीच देऊन झाला आहे (एसटीतल्या वाहकाचे सोडून देऊ). मी ‘परिवाहक’ वापरतो आणि ‘वाहकता’ केवळ वाहिनीसाठी राखून ठेवतो. हा भेद पाळण्याचे कारण मोजमापातच आहे. उघड्या वाहिनीतून सेकंदाला दहा लाखांहून अधिक आयन सहज जातात, त्यामुळे एकाच वाहिनीचा प्रवाहही पॅच क्लॅम्पने (पटलावर काचेची बारीक पिपेट बसवून प्रवाह मोजण्याच्या पद्धतीने) टिपता येतो. परिवाहकाला मात्र प्रत्येक खेपेला आपली रचना बदलावी लागते, त्याचा वेग कितीतरी पटींनी कमी असतो, आणि म्हणून त्याचा प्रवाह असंख्य रेणूंचा मिळून एकत्रितच मोजावा लागतो किंवा किरणोत्सारी खूण केलेला पदार्थ किती वाहून नेला गेला ते पाहावे लागते.

तुमच्या लेखात याहून मोठा घोटाळा प्रवाहासाठीच्या ‘अंतर्गामी’ (आत जाणारा) आणि ‘बहिर्गामी’ (बाहेर जाणारा) या शब्दांनी होईल. लयकारिकेचा व्यास बहुधा एक मायक्रोमीटरहून कमी, म्हणजे काचेच्या पिपेटच्या टोकाहून मोठा नसतो. म्हणून पेशीला व्हॅक्युओलिन-१ हे रसायन देऊन लयकारिका काही मायक्रोमीटरपर्यंत फुगवतात, पेशीपटल फाडून ती बाहेर काढतात आणि मग तिच्यावर पिपेट बसवतात. पटलाचा तेवढा तुकडा फुटला की पिपेटमधले द्रावण लयकारिकेच्या पोकळीत शिरते, म्हणून ते आधीच सुमारे ४.६ सामूचे, आम्लधर्मी ठेवलेले असते, आणि बाहेरच्या भांड्यातले द्रावण पेशीद्रव्याची जागा घेते. १९९२ मध्ये सुचवलेल्या संकेतानुसार पेशीद्रव्यातून पोकळीकडे जाणाऱ्या धन प्रवाहाला ‘बहिर्गामी’ म्हणतात, कारण रचनेच्या दृष्टीने ती पोकळी पेशीच्या बाहेरच्या बाजूशी समतुल्य मानली जाते. लयकारिकेच्या आत शिरणारे आयन ‘बहिर्गामी’ कसे, असा प्रश्न मराठी वाचकाला पडणारच. तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘पोकळीकडे’ किंवा ‘पेशीद्रव्याकडे’ असे स्पष्ट लिहावे आणि संकेत नंतर सांगावा.

सिस्टिनोसिनच्या प्रयोगात हीच उलटापालट उपयोगी पडली. हे प्रथिन लयकारिकेतले सिस्टिन हे अमिनो आम्ल पेशीद्रव्यात सोडते. त्याच्या टोकाचा पाच अमिनो आम्लांचा पत्ता (त्याला लयकारिकेकडे पाठवणारी खूण) छाटला की ते मोठ्या प्रमाणात पेशीपटलावर पोहोचते, आणि पोकळीकडची त्याची बाजू बाहेर येते. मग बाहेरचे द्रावण आम्लधर्मी करून पेशीने किती सिस्टिन आत घेतले ते मोजले, की लयकारिकेतून ते बाहेर पडण्याचाच हिशोब मिळतो. येथे ‘शोषण’ हा शब्द प्रयोगाला धरून असला तरी नैसर्गिक कार्याचे वर्णन करताना तो चालणार नाही.

पुरवणी शंका : लयकारिकेच्या पटलावरील ‘सीएलसी-७’ या प्रथिनाला ‘क्लोराइड वाहिनी’ म्हणावे का?

उत्तर : म्हणू नये. कुळाच्या नावात ‘चॅनल’ आहे, पण हे प्रथिन दोन क्लोराइडच्या बदल्यात एक प्रोटॉन नेणारे आहे. २००८ मध्ये थेट लयकारिकांवर केलेल्या मापनांतून त्याची ही अदलाबदल दिसून आली. ‘विनिमयी परिवाहक’ असे लिहावे आणि ‘सीएलसी-७’ या नावाचे भाषांतर करू नये. लयकारिकेच्याच पटलावरील ‘टीएमईएम१७५’ या प्रथिनाचे नावही तसेच ठेवावे: २०१५ मध्ये ते पोटॅशियम वाहिनी म्हणून पुढे आले आणि २०२२ मध्ये त्यातून प्रोटॉनही जातात हे दाखवले गेले, त्यामुळे ‘पोटॅशियम वाहिनी’ हे नाव आता अपुरे पडते.