सोलापुरात ओपन सोर्स परिषद भरवायची आहे: स्वयंसेवकांची कामे कशी वाटावीत?

होटगी रोड
नमस्कार. मी मूळचा सोलापूरचा असून सध्या पुण्यात नोकरी करतो. येत्या हिवाळ्यात सोलापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मुक्तस्रोत (ओपन सोर्स, म्हणजे ज्याची आज्ञावली सर्वांना खुली असते अशा) सॉफ्टवेअरविषयी एक दिवसाची परिषद भरवावी, अशी आम्हा काही मित्रांची इच्छा आहे. प्राचार्यांनी सभागृह आणि दोन प्रयोगशाळा देण्याचे मान्य केले आहे, वक्तेही मिळतील. अडचण स्वयंसेवकांची आहे. आवाहन केले की विद्यार्थी भराभर नावे देतात, पण ऐन वेळी कोणी कोठे थांबायचे हे कोणालाच ठाऊक नसते आणि सगळा भार चार-पाच जणांवर येऊन पडतो. कामे कशी वाटावीत आणि प्रायोजकांचे पैसे कोणाच्या खात्यावर घ्यावेत, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कॅमेरा क्रमांक दोन
डेबियन या मुक्तस्रोत संगणक प्रणालीची वार्षिक परिषद, म्हणजे डेबकॉन्फ, सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीला भरली. भारतात ती प्रथमच होत होती. तेथे मी चित्रीकरणाच्या चमूत होतो आणि तेथील पद्धत मला आजही आदर्श वाटते. स्वयंसेवकाकडून नुसते नाव घेत नाहीत, तर प्रत्येक व्याख्यानाला लागणाऱ्या जागा आधीच जाहीर करतात आणि ज्याने त्याने आपल्या सोयीची पाळी निवडायची असते. एक जण कॅमेऱ्यावर, एक जण ध्वनीवर, एक जण व्होक्टोमिक्स या मुक्त प्रणालीवर वक्त्याचे चित्र आणि स्लाइड यांची जुळणी करणारा, आणि एक टॉकमायस्टर. पहिल्या पाळीआधी थोडा वेळ शिकवतात, त्यामुळे कॅमेरा कधी हाती न घेतलेला माणूसही काम करू शकतो.

यातला टॉकमायस्टर आपण सोलापुरात अवश्य नेमावा. वक्त्याची दोन वाक्यांत ओळख करून देणे, पाच मिनिटे उरली की पुढच्या रांगेतून फलक दाखवणे, आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती माइक पोहोचेपर्यंत त्याला बोलू न देणे, एवढेच त्याचे काम असते. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु माइकशिवाय विचारलेला प्रश्न ध्वनिमुद्रणात उमटत नाही आणि पुढे ते व्याख्यान पाहणाऱ्याला नुसती उत्तरे ऐकू येतात. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला ही जबाबदारी पूर्णपणे सोपवून पाहा. "इकडे-तिकडे मदत कर" असे सांगितलेला विद्यार्थी दुपारी निघून जातो. ज्याला अकरा ते बाराची अमुक खोली सोपवलेली आहे, तो सहसा जात नाही.

विमाननगर
वरील मताशी मी पूर्णपणे सहमत आहे. पैशांविषयी माझे मत ठाम आहे: ते कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर घेऊ नयेत. कंपन्या पावती मागतात, पॅन मागतात, बहुतेकदा जीएसटी क्रमांकही मागतात, आणि ती रक्कम वैयक्तिक उत्पन्न नव्हती हे पुढे सिद्ध करत बसणे फार त्रासाचे होते. पायथन या संगणकभाषेची परिषद, पायकॉन इंडिया, २००९ साली बंगळूरला सुरू झाली आणि २०११ मध्ये पुण्यात भरली; तिच्यामागे पायथन सॉफ्टवेअर सोसायटी ऑफ इंडिया ही नोंदणीकृत संस्था आहे, म्हणूनच परिषद एका शहरातून दुसऱ्या शहरात जाऊ शकते. आपल्याला एका दिवसासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. महाविद्यालयाचे खाते किंवा एखादी प्रस्थापित संस्था पुरेल, मात्र खर्चाला मंजुरी कोण देणार हे आधी लेखी ठरवून घ्या आणि परिषद संपल्यावर जमाखर्च सर्वांसाठी खुला करा. ज्या चळवळीत आज्ञावली खुली असते, तिथे हिशेब बंद ठेवणे मला अयोग्य वाटते.

दुसरी गोष्ट उद्घाटनाची. मी ज्या एका महाविद्यालयातील परिषदेत काम केले, तेथे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि मान्यवरांची मनोगते यांत सकाळची दोन सत्रे बुडाली, आणि रात्रीच्या गाडीने आलेल्या वक्त्याला आपला विषय अर्ध्यावर सोडावा लागला. प्राचार्यांशी आधीच आदराने बोलून उद्घाटनासाठी पंधरा मिनिटे ठरवा आणि छापील वेळापत्रकात तशी नोंद करा.

ब्रुसेल्सहून
मी येथे राहतो आणि फॉसडेम या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या परिषदेत स्वयंसेवक म्हणून काम करतो. ब्रुसेल्सच्या यूएलबी या विद्यापीठाच्या आवारात दर हिवाळ्यात एका शनिवारी-रविवारी ही परिषद भरते. तिला प्रवेशशुल्क नाही, नोंदणीही नाही, आणि तरी हजारो लोक येतात. हे शक्य होते ते विकेंद्रीकरणामुळे. प्रत्येक विषयाची खोली त्या-त्या समुदायाच्या हाती असते. वक्ते तेच निवडतात आणि दिवसभर खोलीही तेच सांभाळतात. खोली भरली की दारावर तसा फलक लागतो आणि मग कोणालाही, कितीही ओळखीचा असला तरी, आत सोडत नाहीत. दारावर उभ्या राहणाऱ्या मुलाला हा अधिकार खरोखर द्यावा लागतो. प्राध्यापक आले म्हणून त्याला कोणी बाजूला सारले, तर पुढच्या वर्षी तो येणार नाही.

सोलापूरसाठी माझी सूचना अशी की दोन प्रयोगशाळांपैकी एक पूर्णपणे विद्यार्थ्यांच्या ताब्यात द्यावी आणि तेथील सत्रे मराठीत ठेवावीत. गिटवर (आज्ञावलीतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावर) पहिला बदल कसा पाठवावा किंवा ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर आपल्या गल्लीची नोंद कशी करावी, हे मातृभाषेत शिकवले तर संकोचाने मागे बसणारी मुलेही प्रश्न विचारतात.

होटगी रोड
सर्वांचे मनापासून आभार. पाळ्यांचा तक्ता आम्ही करत आहोत आणि पैशांविषयी प्राचार्यांशी बोलणार आहोत. एकच शंका उरली आहे: फॉसडेमप्रमाणे प्रवेश विनामूल्य ठेवावा का?

विमाननगर
आपल्याला जेवणाची ताटे मोजून सांगायची आहेत, तेव्हा नाममात्र शुल्क घ्यावे. फुकट नोंदणी केलेले अनेक जण येतच नाहीत आणि अन्न वाया जाते. ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांनी नुसते कळवावे, कारण विचारले जाणार नाही, असे नोंदणीच्या अर्जातच लिहा. स्वयंसेवकांकडून मात्र काहीही घेऊ नका, आणि त्यांच्या जेवणाची वेळ पाळ्यांच्या तक्त्यातच लिहून ठेवा.