दिवाळी सुट्टी : बंगळूरच्या ओरायन मॉलला कोण कोण येणार?

सेक्रेटरी काका: नमस्कार मंडळी. पोरं मागं लागलीत, दिवाळीच्या सुट्टीत बंगळूरचा ओरायन मॉल बघायचा म्हणून. आपापलं मत टाका. मेंटेनन्सचा विषय इथं काढू नका.

२०३ दादा: वंदे भारतनं जाऊया की! सकाळी जायचं, रात्री परत.

३०२ वहिनी: कसं जमणार ओ? बेळगावातनं पहाटे ५.२० ला सुटते, बंगळूरला पोचेस्तोवर दोन वाजायला येतात. आणि तीच गाडी २.२० ला परत फिरते. मॉल काय प्लॅटफॉर्मवरनं बघणार?

२०३ दादा: बरं, राहिलं.

३०२ वहिनी: आम्ही राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं गेलो होतो. संध्याकाळी बसायचं, पहाटे यशवंतपूरला उतरायचं. मेन स्टेशनपर्यंत जायचंच नाही, मॉल अलीकडंच आहे. मेट्रोची हिरवी लाईन धरली की पुढचंच स्टेशन सँडल सोप फॅक्टरी, तिथनं चालत. दुकानं उघडायला वेळ असतोय, तेवढ्यात इस्कॉन मंदिर करून घ्या, तेपण तिथंच जवळ. आडदिवशी दुपारी दर्शन बंद असतंय, उलटं करू नका.

१०४ मामा: आपल्या खडेबाजारात, गणपत गल्लीत काय कमी हाय? तिथंपण तेच कपडे, वर भाव दीडपट.

४०१ ची पोरगी: मामा, गणपत गल्लीत ११ स्क्रीनचं थिएटर कुठाय?

३०२ वहिनी: भावाचं मामा म्हणतात ते खोटं नाही. आम्ही एक रुमालपण घेतलो नाही. पण मागं तळं केलंय ना, त्याच्यासाठी जा. काठानं पायऱ्या, पलीकडं शेरेटन हॉटेल आणि ते वर्ल्ड ट्रेड सेंटर, वर बघून मान दुखते. आमच्या सासूबाई सरकत्या जिन्यापाशी दोन्ही हातांनी निऱ्या धरून उभ्या. एक पाय पुढं, परत मागं, आणि मागं ही रांग! शेवटी तिथल्या सिक्युरिटीच्या बाईनं ‘बन्नी अज्जी’ (या आजी) म्हणून हाताला धरलं आणि लिफ्टनं नेलं. त्याच सासूबाई तळ्याकाठी बसल्या त्या दिवे लागले तरी उठेनात.

१०१ आजोबा: ती जागा कुणाची, ठाऊक आहे का कुणाला? किर्लोस्कर इलेक्ट्रिकच्या कारखान्याची. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. १८८८ ला बेळगावात सायकलीचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर. १९१० ला औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. बंगळूरची कंपनी त्यांच्या चिरंजीवांची, रवि किर्लोस्करांची, १९४६ ची. जिथं विजेच्या मोटारी व्हायच्या तिथं आता पॉपकॉर्न.

१०४ मामा: म्हणजे मॉल आपल्याच माणसाचा की!

१०१ आजोबा: नव्हे. जमीन ब्रिगेड नावाच्या बिल्डर कंपनीनं घेतली. मॉल त्यांचा, २०१२ ला सुरू झाला. तुम्हाला तिथं सूट मिळणार नाही.

सेक्रेटरी काका: जेवणाचं काय?

३०२ वहिनी: फूड कोर्ट आहे, पण सुट्टीच्या दिवशी एकानं टेबल धरून बसावं लागतंय. माझं ऐकाल तर नाष्टा मल्लेश्वरमात सीटीआर हॉटेलात, बेण्णे मसाले, म्हणजे लोण्यातले मसाला डोसे. रिक्षानं जवळ. तिथंपण रांग असतेय, पण ती रांग परवडली.

सेक्रेटरी काका: ठरलं तर मग. जातानापण रात्रीची गाडी, येतानापण रात्रीची, लॉजचा खर्च नको. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीत बघता बघता भरतं, त्यामुळं नाव आणि वय आजच टाका. सीनियरची सवलत २०२० पासून बंद आहे, तरी वय खरं घाला, खालचा बर्थ मिळायला बरं पडतं.

१०१ आजोबा: ७८. खालचाच बघा.

१०४ मामा: माझंपण घाला. घ्यायचं काही नाही, नुसतं बघून येतो.

३०२ वहिनी: मामा, मामी माझ्या शेजारीच बसल्यात. त्यांचं नाव कुठाय म्हणून विचारूलात.

१०४ मामा: काका, दोन घाला.