ऑनलाइन शिलाई कोर्स: बायका तिसऱ्या धड्यालाच का थांबतात?

कटिंगताई, सोलापूर

नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडं शाळेच्या युनिफॉर्मच्या एका कारखान्यात मी १७ वर्षं कटिंगला होते. गेल्या दिवाळीपासून घरूनच ब्लाउज-कटिंगचा ऑनलाइन कोर्स घेते. येणाऱ्या सगळ्या पस्तिशीच्या पुढच्या. बऱ्याच जणी विड्या वळतात, काहींचे मालक यंत्रमागावर. कुणाच्या घरात तेलुगू, कुणाच्या कन्नड. मराठी बोलतात छान, पण लिहायचं म्हटलं की हात आखडतो.

१२ धडे केलेत. प्रत्येकाचा पाऊण तासाचा व्हिडिओ, आणि रविवारी रात्री साडेनऊला लाइव्ह. पहिला धडा मशीनचे भाग, दुसरा कापडाचे प्रकार, तिसरा मापं आणि ड्राफ्टिंग, म्हणजे मापांवरून कागदावर आखणी. मागच्या तुकडीत २४ जणी होत्या, शेवटचा धडा ७ जणींनी केला. गळती बघितली तर बहुतेक तिसऱ्या धड्यालाच. फोन केला की एकच उत्तर, "वेळच मिळाला नाही ओ ताई." ते खोटं नाही. पानं भिजवा, कापा, विड्या वळा, त्यात स्वयंपाक. पण याच बायकांनी पैसा पैसा जोडून फी भरलीय, आणि ती फी माझ्या जिवाला लागून राहते. समोर बसून शिकवलं असतं तर यातली एकही मागं राहिली नसती, एवढी मला खात्री आहे.

व्हिडिओ लहान करू, लाइव्ह वाढवू, का परीक्षा ठेवू? एकानं सांगितलं, सर्टिफिकेट रंगीत छापून द्या, बायका टिकतील. ते काही मला पटत नाही.

समंत्रक, विजापूर रोड

ताई, मी मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर बरीच वर्षं समंत्रक, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटून शिकवणारा मार्गदर्शक होतो. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ साली निघालं. त्या वेळी पुस्तक पोस्टानं घरी आणि सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्र. आमचे विद्यार्थी म्हणजे कंडक्टर, अंगणवाडी सेविका, गिरणीतून सुटलेले कामगार. माझा अनुभव सांगतो: ज्याचा स्वाध्याय तपासून, चार ओळी लिहून परत जायचा, तो शेवटपर्यंत टिकायचा. पुस्तक सगळ्यांचं सारखंच असायचं.

केंद्र सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर प्रत्येक कोर्सला चार अंगं लागतात: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःला तपासायचे प्रश्न आणि शंका विचारायची जागा. तुमच्याकडं व्हिडिओ भरपूर आहे, बाकीची तीन अंगं जवळजवळ नाहीत.

लांबीचं म्हणाल तर २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास झाला होता. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण सहा मिनिटांच्या पुढं टिकत नाहीत असं त्यात दिसलं. पण तुमचं काम हाताचं आहे. असा व्हिडिओ बाई सलग बघत नाही, थांबवते, मागं नेते, परत बघते. म्हणून मिनिटं मोजण्यापेक्षा एका व्हिडिओत एकच कृती ठेवा. गळ्याचा वेगळा, बाही जोडतात त्या मुंढ्याचा वेगळा.

आणि पहिले दोन धडे काढून टाका. माल्कम नोल्स यांनी प्रौढांच्या शिक्षणावर आयुष्य घालवलं. त्यांचं म्हणणं, मोठ्या माणसाला हे मला कशाला हवं ते आधी कळलं पाहिजे, आणि त्याचा अनुभव हीच त्याची पुंजी असते. ज्या बाईच्या घरी दहा वर्षं मशीन आहे, तिला बॉबिन दाखवण्यात दोन आठवडे गेले, तर तिसऱ्या आठवड्यात ती कशाच्या जोरावर येणार?

अक्का, अशोक चौक

ताई, मी दुसरीकडचा असाच कोर्स अर्धा सोडलेली बाई आहे. का सोडला ते सांगते.

मॅडम म्हणाल्या, छातीला चारनं भागा. माझं माप ३५. मोबाइलवर भागलं तर आठ पॉइंट पंचाहत्तर आलं. टेपवर पंचाहत्तर कुठं शोधू मी? आठच्या पुढं नुसत्या बारीक रेघा. सात आकडा दिसला म्हणून सातव्या रेघेवर खूण केली आणि कापड कापलं. चारी भाग मिळून ब्लाउज अर्धा इंच ढगळ झाला. ग्रुपवर ४० जणी, तिथं "मला कळलं नाही" असं लिहायची लाज वाटली. मॅडमनी फोन केला तेव्हा मीपण हेच म्हणाले, वेळ नाही मिळाला.

माझ्या सासूबाई शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी टेपचं टोक ३५ वर ठेवून दुमडलं, परत एकदा दुमडलं, आणि म्हणाल्या, हे बघ, पावणेनऊ. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. घड्याळातलं पावणेनऊ मला लहानपणापासून येतं, आमच्या घरात तेलुगू असलं तरी. पंचाहत्तर म्हणजे पाऊण, हे एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं.

अजून एक. फोन मुलाचा आहे, माझ्या हातात येतो रात्री दहानंतर. पाऊण तासाच्या व्हिडिओत काल कुठं थांबले होते तेच सापडायचं नाही.

फोटो स्टुडिओवाला

सेल्फी कॅमेऱ्यानं रेकॉर्ड करत असाल तर चित्र उलटं दिसतंय का ते तपासा, डावा मुंढा उजवा दिसतो. मागचा कॅमेरा वापरा, फोन टेबलाच्या बरोबर वर टांगा. गडद कापडावर पांढरा खडू. पंखा बंद.

कटिंगताई, सोलापूर

तीन आठवड्यांनी लिहितेय. अक्का, तुमचं वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. १७ वर्षं माझं बोट आपसूक पावणेनऊवर जातंय, त्यामुळं समोरच्या बाईला तिथं अडत असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मागच्या तुकडीतल्या पाच जणींना परत फोन केले. वेळेचं न विचारता, टेपवर ८.७५ कुठं ते विचारलं. चौघींना सांगता आलं नाही.

आता पहिला धडा असा: अंगाला नीट बसणारा जुना ब्लाउज घ्या, मापं काढा, टेप दोनदा दुमडा. व्हिडिओ चार मिनिटांचा. तोंडानं सव्वाआठ, साडेआठ, पावणेनऊ असंच म्हणते, पॉइंट म्हणतच नाही. मग पेपर कटिंग करून, त्यावर टेप ठेवून फोटो मला एकटीला पाठवायचा, ग्रुपवर नाही. दुसऱ्या रात्रीपर्यंत माझा आवाजी निरोप जातो. या तपासणीला रोज दीड तास जातो, म्हणून तुकडी १४ जणींचीच घेतली. लाइव्ह क्लास बंद केला.

ड्राफ्टिंगचे फोटो १२ जणींचे आले. एकीनं वर्तमानपत्रावर मुंढ्याची रेघ दोनदा पेन्सिलनं पुसून तिसऱ्यांदा पेननं ओढलीय, बरोबर ओढलीय. फक्त शिलाईची माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला ठेवायची जादा जागा, सोडायची राहिली. कापडाला कात्री लागायच्या आधी तिला ते सांगता आलं.

उरलेल्या दोघींकडं उद्या जाऊन येते, दोघीही कुंभारीकडं राहतात. आणि समंत्रक सर, पुढं कटोरीचा, म्हणजे ब्लाउजच्या छातीवरच्या गोल भागाचा धडा आहे. टक्सची, म्हणजे फिटिंगसाठी कापडाला घालतात त्या चिमटीची, खोली प्रत्येकीच्या अंगाप्रमाणं बदलते, ती फोटोवरून कशी तपासायची ते अजून सुचलेलं नाही. कुणी करत असेल तर सांगा.