मदत हवी आहे: मिनीसर्कल निघतच नाहीये, सोमवारी गाईडना डीएनएची जेल दाखवायची आहे

चिंताक्रांत_पेशी (शुक्रवार, रात्री ११:४२)
इथे कुणी प्लास्मिडवर (बॅक्टेरियातल्या गोल डीएनएवर) काम केलंय का? तीन आठवडे डोकं फोडतेय. पॅरेंटल म्हणजे मूळ प्लास्मिड ७.२ केबी (हजार डीएनए-अक्षरं), त्यातून ३.१ केबीचं वर्तुळ सुटं व्हायला हवं. आत फॅक्टर नाइनचं (रक्त गोठवणाऱ्या प्रोटीनचं) जनुक आहे. अराबिनोज साखर घालून पाच तास इंडक्शन (वर्तुळ सुटं करणारी एन्झाइमं चालू करणं), मग मिनीप्रेप (बॅक्टेरियातून प्लास्मिड बाहेर काढणं). जेलवर तुकडे लांबीप्रमाणे वेगळे केले की दर वेळी तोच ७.२ चा जाडजूड बँड (डीएनएची रेघ), ३.१ च्या जागी अंधार. सगळं प्रोटोकॉलप्रमाणे केलंय, चार वेळा. मागच्या आठवड्यात गाईडना "जवळजवळ झालंय" असं सांगून बसलेय. प्लीज लवकर सांगा.

चहा_कमी_साखर
मिनीसर्कल म्हणजे काय हो? आम्हा पामरांसाठी दोन ओळी टाका कुणीतरी.

जुना_लॅबकर
प्लास्मिडमध्ये कामाचं जनुक असतं आणि बॅक्टेरियात ते वाढावं म्हणून लादलेलं सामान असतं: ओरिजिन (जिथून प्रत काढायला सुरुवात होते ती जागा), अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुक वगैरे. हे सामान माणसाच्या पेशीत गेलं की नडतं. त्यातल्या मिथाइल नसलेल्या सीपीजी (सी-जी अक्षरजोडीच्या) जागा टीएलआर-९ हा प्रतिकारशक्तीचा पहारेकरी ओळखतो आणि बोंब ठोकतो. शिवाय यकृतात काही दिवस-आठवड्यांत आपलं जनुकही गप्प बसतं. म्हणून बॅक्टेरियाच्या पोटातच दोघांची फारकत करायची. फाय-सी-३१ इंटिग्रेज कामाच्या जनुकाचं वर्तुळ, म्हणजेच मिनीसर्कल, सुटं करतं, उरलेलं सामान आय-स्की-वन कापतं आणि बॅक्टेरिया त्याचा फडशा पाडतो. दोन्ही एन्झाइमांची जनुकं आतच बसवलेली खास ई. कोलाय स्ट्रेन स्टॅनफर्डला मार्क के यांच्या लॅबनं २०१० मध्ये प्रसिद्ध केली.

आता धागाकर्तीला: स्ट्रेन कुठली? जेलवर घालण्याआधी कशानं कापलंत? "प्रोटोकॉलप्रमाणे" हे उत्तर नव्हे.

एएव्ही_जिंदाबाद
एवढा उपद्व्याप कशाला? एएव्हीत (जनुक पेशीत पोचवणाऱ्या व्हायरसमध्ये) ४.७ केबी मावतं, तुमचं ३.१ मांडी घालून बसेल. हिमोफिलिया बी (फॅक्टर नाइन कमी असल्यानं रक्त न गोठण्याचा आजार) साठी हेमजेनिक्स या एएव्हीवाल्या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्येच मंजुरी मिळाली. फॅक्टर नाइनच आहे त्यात. चाकाचा शोध परत कशाला लावायचा?

जुना_लॅबकर
आणि किंमत? ३५ लाख डॉलर. एकदा दिलं की शरीरात अँटिबॉडी तयार, दुसरा डोस विसरा. व्हायरसवाल्यांनी १९९९ सालचा जेसी गेल्सिंगर आठवावा. अठरा वर्षांचा मुलगा होता, व्हायरसवाल्या जनुक-उपचारात गेला.

एएव्ही_जिंदाबाद
तो अडेनोव्हायरस होता, एएव्ही नव्हे! नावात साम्य म्हणून एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारू नका. तुमच्या बिनव्हायरसवाल्यांचं काय? पिगीबॅक (जनुक पेशीत घालायचं बिनव्हायरसचं साधन) वापरून केलेल्या कार-टी (कॅन्सरशी लढायला बदललेल्या टी पेशी) उपचारात ऑस्ट्रेलियात १० पैकी २ रुग्णांना त्याच पेशींचा लिंफोमा (कॅन्सर) झाला, २०२१ मध्ये छापून आलंय.

जुना_लॅबकर
पिगीबॅक जीनोममध्ये घुसतो. मिनीसर्कल सहसा बाहेरच राहतं. घरजावई आणि पाहुणा यांत फरक असतो.

नळीबहाद्दर
मुळात बॅक्टेरिया हवेतच कशाला? फाय-२९ पॉलिमरेजनं (डीएनएच्या प्रती काढणाऱ्या एन्झाइमनं) नळीतच डीएनए वाढवा, टोकं बंद करा, विषय संपला. बॅक्टेरियाच्या एंडोटॉक्सिन विषाची कटकट नाही. आम्ही दोन वर्षं हेच करतोय.

चिंताक्रांत_पेशी
दादा, माझ्याकडे सोमवारपर्यंत वेळ आहे, दोन वर्षं नाहीत. स्ट्रेन तीच आहे, के लॅबवाली. जनुकात एकदाच कापणारं एन्झाइम लावलं, त्यामुळे बँड सरळ रेषेतल्या तुकड्याचाच आहे. आता तरी सांगा.

विदर्भवासी
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्या भाच्याला सिकलसेल आहे, वय ९, गाव गडचिरोलीकडे. हे बिनव्हायरसचं त्याला चालेल का?

ओपीडीतली_ताई
दादा, सिकलसेलवरच्या कॅसजेवीला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात व्हायरस नसतो, पेशी बाहेर काढून विजेच्या झटक्यानं क्रिस्पर (जनुक कापणारी कात्री) आत घालतात. पण ती मंजुरी १२ वर्षांपुढच्यांना आहे, आधी केमोथेरपी लागते आणि अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. त्याची वाट बघत बसू नका. भाच्याला हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू आहे का? नसेल तर जिल्हा रुग्णालयात विचारा. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहीन.

विदर्भवासी
धन्यवाद ताई. काढतो.

मिक्सर_ग्राइंडर
मूळ मुद्द्यावर येऊ या का? मीडियात (बॅक्टेरियाच्या खाद्यात) ग्लुकोज होतं का? ग्लुकोज असलं की पी-बॅड प्रमोटर (अराबिनोजनं चालू होणारा जनुकाचा स्विच) झोपतो. १०० टक्के तेच असणार.

चिंताक्रांत_पेशी
नाही हो. रात्रभर टीबी मीडियात वाढवलं, मग एलबी मीडियातून इंडक्शन. ग्लुकोजचा कणही नाही.

मिक्सर_ग्राइंडर
तरी एकदा बघा.

सूक्ष्मदर्शी
अराबिनोज एल की डी?

चिंताक्रांत_पेशी (रात्री १:१५)
म्हणजे? अराबिनोज म्हणजे अराबिनोज. शेजारच्या लॅबमधून बाटली आणली होती, आमची संपलेली.

सूक्ष्मदर्शी
उद्या लेबल वाचा.

चिंताक्रांत_पेशी (शनिवार, सकाळी ९:०५)
लेबलचा अर्धा भाग कुणीतरी मार्करनं "अरा." लिहून झाकलाय. नखानं खरवडलं. खाली बारीक अक्षरात "डी", पुढे कंसात वजा. रडू की हसू?

सूक्ष्मदर्शी
दोन्ही करा, मग चहा घ्या. डी म्हणजे आरशातलं रूप. प्रमोटरवर बसलेल्या अरासी प्रोटीनला ते ओळखू येत नाही, त्याला एलच लागतं. पाच तास काय, पाच दिवस ठेवलंत तरी इंटिग्रेज बनणार नाही. मी २०१४ मध्ये हेच करून एक महिना घालवला होता, म्हणून विचारलं.

मिक्सर_ग्राइंडर
मी म्हटलंच होतं, साखरेचाच घोळ आहे.

जुना_लॅबकर
तुम्ही ग्लुकोज म्हटलं होतंत.

एएव्ही_जिंदाबाद
एएव्हीत हा प्रश्नच आला नसता.

चिंताक्रांत_पेशी (रविवार, रात्री १०:२०)
बायोकेमिस्ट्रीवाल्यांकडून पाच ग्रॅम एल मिळालं, स्टॉक ताजा बनवला. ३.१ आलाय!! जाड, झकास. फोटो काढताना हात थरथरत होता. पण वर ७.२ ची पुसट रेघ अजून दिसतेय. अंदाजे दहावा हिस्सा असेल. गाईडना ही नको आहे, पेशींत टाकायच्या आधी ती जायला हवी. बाकी सगळं प्रोटोकॉलप्रमाणे.

सूक्ष्मदर्शी
अभिनंदन! फाय-सी-३१ ला ३७ अंश झेपत नाही, ३०-३२ लागतं. इंडक्शनला शेकर कितीवर होता?