सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर रोज ‘पाच व्हायरस सापडले’. स्पायवेअरसाठी वेगळं काही घ्यावं लागतं का?

मिरजेची_सून
घरी विंडोज 11 चा डेस्कटॉप आहे. सासरे त्यावर भजनं उतरवून घेतात, मी शिवणकामाची बिलं करते, लाइटबिल भरते. गेल्या आठवड्यापासून उजवीकडे खाली लाल चौकट येते, ‘पाच व्हायरस सापडले, आत्ताच रिन्यू करा’, वर टुंग वाजतं. सासरे दचकून वायफायच बंद करून टाकतात. दुरुस्तीवाला म्हणतो, अँटीव्हायरस दोन हजारांचा आणि स्पायवेअरचा, म्हणजे गुपचूप माहिती चोरणाऱ्या प्रोग्रामसाठीचा, वेगळा पंधराशेचा. खरंच दोन-दोन लागतात?

जुना_माउस
ताई, पैसे राहू द्या. चौकटीत बारीक अक्षरात ‘गूगल क्रोम’ आणि कुठल्यातरी साइटचा पत्ता दिसतो का? दिसत असेल तर तो व्हायरस नाही, नोटिफिकेशन आहे. भजनाच्या साइटने ‘रोबोट नसाल तर अलाऊ दाबा’ म्हटलं असणार आणि बाबांनी दाबलं असणार. माझ्या आईने लोणच्याची कृती शोधताना हेच केलं होतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. अनोळखी नावं दिसतील ती उडवा. एक्स्टेंशन्सही, म्हणजे क्रोमला जोडलेले छोटे प्रोग्राम, बघून घ्या.

वेगळ्या स्पायवेअरवाल्याचे दिवस गेले. विंडोजसोबत फुकट येणारा डिफेंडर मुळात अँटी-स्पायवेअरच होता. मायक्रोसॉफ्टने 2004 मध्ये दुसऱ्या कंपनीकडून घेतला, व्हायरसचं काम त्याच्याकडे विंडोज 8 पासून आलं.

पेठेतला_काका
फुकटचं ते फुकटचंच. मी दरवर्षी पैसे भरतो, अडलं तर फोनवर मराठीत बोलणारा माणूस मिळतो.

जुना_माउस
काका, त्या माणसासाठी भरा, हरकत नाही. पण एकच घ्या. दोन अँटीव्हायरस एकत्र नांदत नाहीत, मशीन रखडतं.

रात्रपाळी
नोटिफिकेशन काढूनही शंका राहिली तर विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन आहे. मशीन रिस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, पंधराएक मिनिटं जातात. बिलं आधी सेव्ह करा! दुसरं मत हवं असेल तर मालवेअरबाइट्स या दुसऱ्या स्कॅनरची फुकट आवृत्ती चालेल, फक्त ती आपण स्कॅन लावला तरच बघते, चोवीस तास पहारा देत नाही.

आणि बाबांना स्टँडर्ड अकाउंट काढून द्या. बहुतेक सॉफ्टवेअर टाकताना ॲडमिनचा पासवर्ड मागेल, तो तुमच्याकडे. माझ्या मते कुठल्याही विकतच्या पाकिटापेक्षा हे जास्त कामाचं.

मिरजेची_सून
केलं सगळं. नोटिफिकेशनमध्ये तीन साइटी होत्या, एकीचाही भजनाशी संबंध नाही. एक्स्टेंशनमध्ये सर्च दुसरीकडे पळवणारा एक ‘पीडीएफ कन्व्हर्टर’ सापडला, तो मात्र मीच टाकलेला, सासऱ्यांना अजून सांगितलं नाहीये. ऑफलाइन स्कॅनमध्ये काही निघालं नाही. टुंग बंद.

स्टँडर्ड अकाउंटवरून मात्र रुसलेत. ‘कॉम्प्युटर माझ्या पेन्शनचा, आणि पासवर्ड तुझा?’