चर्चमधला आश्रय आणि 6 महिन्यांची मुदत

जर्मनीत परत पाठवलं जाण्याचा धोका असलेल्या आश्रय मागणाऱ्यांना काही चर्च आपल्याकडे ठेवून घेतात. "जर्मनीत चर्चमध्ये पोलिसांना शिरता येत नाही" असं यावर काही जण म्हणतात, ते बरोबर नाही. कायद्यात अशी सूट नाही. सरकारं सहसा आत जाणं टाळतात, इतकंच. शेजाऱ्यावर प्रीती करा, या ख्रिस्ती आज्ञेवर पाद्री बोट ठेवतात, पण प्रत्यक्षात काम करते ती मुदत. डब्लिन नियमानुसार (आश्रयाचा अर्ज कोणत्या युरोपीय देशाने तपासायचा, हे ठरवणारा नियम) 6 महिन्यांत त्या जबाबदार देशात परत पाठवलं नाही, तर आश्रयाचा अर्ज जर्मनीलाच तपासावा लागतो. माणूस फरार ठरला, की मुदत 18 महिने. म्हणूनच चर्चने संघीय स्थलांतर कार्यालयाला पत्ता ताबडतोब कळवणं आणि अडचणींची सविस्तर फाइल देणं महत्त्वाचं. ही पद्धत 2015 मध्ये ठरली. 2018 मध्ये अटी कडक झाल्या. 2020 मध्ये संघीय प्रशासकीय न्यायालयाने मात्र स्पष्ट केलं, की पत्ता ठाऊक असलेला माणूस फरार नव्हे. माझ्या मते हा निकाल अगदी योग्य होता.